फ्यूज उडाला, बरे झाले

गाडी पेटली की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात एक वाक्य ठरलेले असते: ‘शॉर्टसर्किट झाल्याने आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.’ घाट खंबाटकीचा असो, पसरणीचा असो की कुंभार्लीचा, वाक्य तेच. पुढे चालकाने प्रसंगावधान राखल्याचे दुसरे वाक्य येते आणि बातमी संपते. त्या प्राथमिक अंदाजाचे पुढे काय झाले, हे छापून आलेले मी तरी वाचलेले नाही.

शॉर्टसर्किट ही गाडीच्या आयुष्यातली तशी किरकोळ गोष्ट. वर्षानुवर्षे खड्ड्यांतून आदळलेल्या वायरीचे आवरण कुठेतरी पत्र्याच्या धारेला घासते, आतली तांब्याची तार उघडी पडते आणि एके दिवशी बॉडीला टेकते. बॉडी हीच गाडीची अर्थ, त्यामुळे विजेला परतीची वाट शोधावी लागत नाही. बॅटरीचा सगळा जोर त्या एका जागेतून धावतो. हे कधी ना कधी होणार, याची खूणगाठ गाडी बनवणाऱ्याने आधीच बांधलेली असते, म्हणून त्याने त्या वायरीच्या वाटेवर जस्ताची एक पातळ पट्टी, म्हणजेच फ्यूज, बसवलेली असते. जादा वीज आली की ती वितळते आणि वायर वाचते. हॉर्न बंद पडेल, काच वर जाणार नाही, टेप गाणार नाही. त्यापलीकडे काही बिघडत नाही. मग गाडी पेटते कशी? गळके इंधन आणि तापलेला सायलेन्सर ही कारणे वेगळी. सैल जोड तापून वितळतो, तेही आहे. पण उघड्या पडलेल्या वायरीनेच गाडी पेटवली असेल, तर बहुधा त्या वाटेवर फ्यूज नव्हताच, किंवा होता आणि कुणीतरी तो उडू नये अशी व्यवस्था करून ठेवली होती. दोन्ही माणसाच्याच हातची कामे.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत स्वतःची गाडी स्वतः चालवणाऱ्यांसाठी ही पुस्तिका आहे. मेकॅनिक तयार करण्याचा तिचा मनसुबा नाही. गाडी कशी चालवावी आणि गाडीतली वीज कशी तपासावी, हे दोन विषय एकाच पुस्तिकेत का, असे कुणी विचारील. उत्तर आमच्या रस्त्यांवर आहे. महाबळेश्वरच्या धुक्यात मागच्याला दिसायचे तर टेललाइट लागायला हवा, केळघरच्या पावसात वायपर फिरायला हवा, गळीत हंगामात इस्लामपूर-सांगली पट्ट्यात रात्री गाडी चालवायची तर हेडलाइट शाबूत हवेत. यांतली प्रत्येक गोष्ट एका नखाएवढ्या प्लास्टिकच्या तुकड्यावर अवलंबून आहे आणि तो तुकडा गाडीत कुठे आहे, हे दहा-दहा वर्षे गाडी चालवणाऱ्यांनाही सांगता येत नाही.

फ्यूजबद्दलचा सगळ्यांत मोठा गैरसमज असा, की तो दिवा, टेप किंवा हॉर्न वाचवण्यासाठी असतो. तो वायर वाचवण्यासाठी असतो. वायर किती जाड आहे, ती किती वीज न तापता वाहून नेईल, यावर फ्यूजचा आकडा ठरतो. हेडलाइटच्या नेहमीच्या बल्बमध्ये अप्परची तार ६० वॅटची आणि डिपरची ५५ वॅटची असते. ६० ला १२ व्होल्टने भागले की ५ अँपिअर. दोन दिव्यांचे १०. तेवढ्याच्या हिशेबाने कंपनीने वायर टाकली, १५ चा फ्यूज बसवला. आता मालकाला उजेड कमी वाटतो. तो १०० वॅटचे बल्ब टाकून घेतो. एका दिव्याला सव्वाआठ अँपिअर, दोघांना साडेसोळाच्या वर. १५ चा फ्यूज थोडा वेळ सोसतो आणि उडतो. इथे फ्यूजने सांगायचे ते सांगितले आहे. पण आपल्याकडे या सांगण्याचा अर्थ ‘फ्यूज हलका पडतोय’ असा घेतला जातो आणि तिथे ३० चा हिरवा फ्यूज बसतो. दिवे झकास लागतात. वायर मात्र जुनीच असते आणि आता त्या वाटेवरचा सर्वांत कमजोर दुवा तीच झालेली असते. काही गाड्यांत दोन्ही हेडलाइटना स्वतंत्र १० चे फ्यूज असतात. तिथे १०० वॅटचा बल्ब लावला तरी फ्यूज गप्प बसतो आणि बल्बचा होल्डर हळूहळू करपत जातो. कंपनीने लावलेल्या वॅटचाच बल्ब लावावा, काच पिवळी पडली असेल तर ती घासून घ्यावी किंवा बदलावी, हा सल्ला पुस्तिकेत दोन ठिकाणी आला आहे. तो मी मुद्दाम दोन्हीकडे राहू दिला.

रंगांचे कोष्टक आत आहेच. तरी इथे सांगतो, कारण प्रस्तावना वाचून पुस्तक मिटणारेही असतात: ५ चा बदामी, ७.५ चा तपकिरी, १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, २५ चा बिनरंगी, ३० चा हिरवा. दोन पात्यांचे हे फ्यूज १९७० च्या दशकात अमेरिकेत आले आणि मग जगभर पसरले. रंग बहुतेक गाड्यांत तेच, आकार मात्र वेगळे. नव्या गाड्यांत छोट्या पात्यांचे फ्यूज असतात, त्यामुळे दुकानात नुसते ‘दहाचा द्या’ म्हणून भागत नाही, जुना फ्यूज दाखवावा लागतो. पात्यांच्या फ्यूजआधी, फियाट-पद्मिनीच्या जमान्यात, चिनी मातीच्या कांडीवर बाहेरून धातूची पट्टी चढवलेले फ्यूज असत. पट्टी उघडीच असल्याने ती वितळली की सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळायचा मोह सहज होई. माझ्या मते आपल्या ड्रायव्हर मंडळींची ती सवय तिथलीच. फ्यूज बदलले, कागद गेला नाही. आता तो गुटख्याच्या पुडीचा असतो, एवढेच.

असा फ्यूज जवळून पाहण्यासारखा असतो. झाकण काढले की बाकीचे फ्यूज ओळीने उभे, आणि एकाच्या पायांभोवती चंदेरी सुरकुतलेला कागद, नाहीतर पायांच्या मधून वळवून आणलेली वायरीची एखादी तार. खाचेभोवतीचे काळे प्लास्टिक मऊ होऊन पुन्हा थिजलेले, कडा गोल झालेल्या. फ्यूज ओढला तर खाच त्याच्याबरोबर थोडी वर येते. जळक्या प्लास्टिकचा वास महिनोन्‌महिने जात नाही. ज्याने हे केले त्याला मी दोष देणार नाही. रात्री अकराला उंब्रजच्या पुढे दिवे गेले, घरची मंडळी गाडीत, दुकाने बंद, खिशात जादा फ्यूज नाही. माणूस हाताला लागेल ते करतो. दोष आहे तो दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद तसाच ठेवण्यात. चहाच्या किमतीचा फ्यूज आणायला सवड होत नाही आणि तात्पुरती सोय गाडी विकेपर्यंत टिकते.

त्या रात्रीवरही सोपा उपाय आहे. अनेक गाड्यांच्या फ्यूज बॉक्सच्या झाकणातच दोन-तीन जादा फ्यूज आणि प्लास्टिकचा छोटा चिमटा दिलेला असतो. तेही नसतील तर त्याच आकड्याचा दुसरा फ्यूज उसना घ्यायचा. मोबाइल चार्जिंगच्या सॉकेटचा किंवा टेपचा फ्यूज काढून वायपरला लावला, तर गाण्यावाचून घाट उतरता येतो. वायपरवाचून उतरता येत नाही. आकडा मात्र तोच हवा. आणि उसना लावलेलाही लगेच उडाला, तर समजायचे की शॉर्ट अजून तिथेच बसलेला आहे. तिसरा लावायचा नाही.

उडालेला फ्यूज वाचताही येतो, हे या पुस्तिकेतले मला सर्वांत आवडलेले प्रकरण. किल्ली बंद करून फ्यूज काढा, उजेडासमोर धरा. आतली वळणदार पट्टी मधोमध स्वच्छ तुटलेली दिसली, तर बहुधा हळूहळू जादा भार पडत गेला: जाम झालेली वायपरची मोटर, जड बल्ब, किंवा एकाच सॉकेटवर लावलेला हवा भरायचा पंप. फ्यूजच्या खिडकीचे प्लास्टिक आतून काळे पडले असेल, पट्टीचे थेंब उडालेले असतील, तर वायर थेट बॉडीला भिडली आहे. तिथे नवा फ्यूज घालून पाहण्यापेक्षा गाडी गॅरेजकडे न्यावी. फ्यूज न काढताही तपासता येतो. त्याच्या डोक्यावर धातूचे दोन ठिपके उघडे असतात. किल्ली ऑन करून, ती ती वस्तू चालू करून, अर्थ केलेल्या, म्हणजे एक टोक बॉडीला जोडलेल्या, टेस्ट लॅम्पचे दुसरे टोक दोन्ही ठिपक्यांना लावायचे. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज चांगला, एकीकडेच लागला तर उडालेला. एकीकडेही लागला नाही तर वीजच तिथवर पोचत नाही, दोष मागे कुठेतरी आहे. एवढे ज्याला येते त्याला गॅरेजमध्ये कुणी सहसा फसवत नाही, हा एक बाजूचा फायदा.

आमच्या भागाला यंत्राचे वावडे कधीच नव्हते. कुंडल स्टेशनालगतच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कारखाना उभा केला आणि तिथून नांगर बाहेर पडू लागले. १९२० मध्ये तिथे वसलेल्या किर्लोस्करवाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. कारखान्याचे माहितीपत्रक म्हणून सुरू झालेले हे मासिक पुढे अख्ख्या महाराष्ट्राने वाचले. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी इंजिनिअरिंगचा कारखाना काढला. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. पुढे साताऱ्यातच प्रिया स्कूटर तयार होऊ लागली आणि ती किक मारून, प्लग घासून चालू करणारी एक अख्खी पिढी या जिल्ह्यांत झाली. त्या पिढीला कार्बोरेटर उघडायला सांगावे लागत नसे. आजच्या गाडीचे बोनेट उचलले की वर प्लास्टिकचे काळे झाकण दिसते आणि माणूस ते पुन्हा खाली सोडतो. इंजिन आता आपल्या हातातले राहिले नाही, हे खरेच. फ्यूज बॉक्स मात्र अजून आहे, आणि बहुतेक गाड्यांत तो उघडायला पाना-पकडही लागत नाही.

आता रस्ते. घाटाच्या प्रकरणात नवे असे काही सांगितलेले नाही आणि सांगण्याची गरजही नाही. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. न्यूट्रल करून, त्यातही इंजिन बंद करून उतरण्याची खोड अजून गेलेली नाही, म्हणून तिथे जरा थांबतो. इंजिन बंद केले की दोन-तीनदा ब्रेक दाबेपर्यंत बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखे होते. पॉवर स्टिअरिंग जड होते. किल्ली आणखी मागे फिरली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकते. पसरणीच्या वळणावर यांतले एकही नको. साताऱ्याहून पुण्याकडे जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो. तो ओलांडला की उतार आणि मग अपघातांसाठी वर्षानुवर्षे बदनाम झालेले एस वळण. दिवसा बोगद्यात शिरताना दिवे न लावणारे महाभाग असतातच. टेललाइटचा फ्यूज उडालेला आहे हे माहीत नसलेलेही त्यांच्यात असतात, आणि मागून येणाऱ्या ट्रकला या दोघांत काही फरक पडत नाही.

धुक्यात हेडलाइट डिपरवर ठेवावेत. अप्परचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून पाचगणी ते महाबळेश्वर जाणाऱ्यांची मला कीव येते. त्यांना वाटते आपण सावध आहोत. मागच्याला मात्र हा थांबला आहे की वळतो आहे, काहीच कळत नाही.

आणि ब्रेकलाइट. बाकी बहुतेक काही बंद पडले तर चालकाला समजते. ब्रेकलाइट गेला हे सगळ्यांत शेवटी त्यालाच कळते, कधी कधी मागून धडक बसल्यावर. रात्री बंद दुकानाच्या शटरला पाठ करून गाडी उभी करा, पेडल दाबा आणि आरशात पाहा. पन्हाळी पत्र्यावर लाल उजेडाचे दोन पट्टे पडले पाहिजेत. एकच पडला तर बल्ब, एकही नाही पडला तर फ्यूज किंवा पेडलजवळचा स्विच. ऑटोमॅटिक गिअरच्या अनेक गाड्यांत हा फ्यूज उडाला की गाडी ‘पी’मधून बाहेरच येत नाही आणि लोक गिअरबॉक्सच्या खर्चाच्या धास्तीने टोइंगवाल्याला फोन करतात.

गळीत हंगामाबद्दल पुस्तिकेत जे लिहिले आहे ते कारखानदारांना आवडणार नाही. दिवाळीच्या आसपास धुराडी पेटली की मार्च-एप्रिलपर्यंत वाळवा, पलूस, कराडच्या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, उसाचे वाढे दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबलेले, आणि मागे दिवा नाही. ट्रॅक्टरच्या पुढच्या बाजूला मात्र रोषणाईच्या माळा आणि डोक्यावर कर्णे. एवढा मोठा आवाज काढणारा ॲम्प्लिफायर बॅटरीवरून थेट वायर टाकून जोडलेला असतो, बहुधा फ्यूजशिवाय. आणि त्याच बॅटरीवर ट्रॉलीच्या मागच्या लाल दिव्यासाठी वायर टाकायला कुणाला सवड नसते. ड्रायव्हरला गाण्यापुढे आपला हॉर्न ऐकू जात नाही. तेव्हा ओव्हरटेक करताना हॉर्नवर विसंबू नये, डिपर मारावा. आणि समोरून हेडलाइटचा झोत येत असताना त्याच्या अलीकडच्या काळोखात ट्रॉली आहे असे धरूनच वेग कमी करावा. कारखान्यांनी ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा दरवर्षी होतात. लाल पट्टी चिखलाने माखली की ती मोहीमही माखते.

ऊस म्हटला की उंदीर आलेच. फडाजवळच्या वस्तीवर चार दिवस गाडी उभी राहिली की ऊबदार इंजिनाशेजारी त्यांचा संसार सुरू होतो आणि ते वायरी कुरतडतात. एकामागून एक वेगवेगळे फ्यूज उडू लागले तर बोनेट उचलून लेंड्या दिसतात का पाहावे.

सांगलीचा पूर हे पुस्तिकेतले सर्वांत लांब प्रकरण आहे, ते योग्यच. सांगलीत पाणी मोजायचे ते १९२९ मध्ये खुल्या झालेल्या, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २००५ मध्ये ही पातळी ओलांडून पाणी शहरात आले, ऑगस्ट २०१९ मध्ये तर ते ५७ फुटांच्या वर गेले, २०२१ मध्ये पुन्हा आले. तीनही वेळा माणसे, जनावरे, कागदपत्रे हलवताना दारातल्या गाड्या मागे राहिल्या, आणि त्यात चूक काहीच नव्हती. चूक पाणी ओसरल्यावर होते. गाडी वरून धुतली, सीट उन्हात वाळवली, आता बघू चालू होते का, म्हणून सेल्फ मारला जातो. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ओल्या कंट्रोल युनिटला वीज मिळाली की तेही जाते. बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवायचीच नाही. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची, मग ओढून न्यायची. विम्याचा दावा करायचा असेल तरी हेच, कारण पाणी शिरलेले इंजिन चालू करून झालेले नुकसान साध्या पॉलिसीत सहसा नाकारले जाते.

या गाड्या नंतर बाजारात येतात, आणि त्या फक्त सांगलीतच विकल्या जातात असे नाही. घासून-पुसून, नवे सीटकव्हर चढवून, अत्तराची बाटली लावून उभी केलेली गाडी कशी ओळखावी? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, जो भाग कायम गुंडाळलेला असतो तिथे गढूळ रेघ सापडते. मग डॅशबोर्डखालचा फ्यूज बॉक्स उघडा. कृष्णेचा गाळ पिठासारखा बारीक असतो. धुणाऱ्याचा पाइप तिथवर पोचत नाही, त्यामुळे फ्यूजच्या मधल्या फटींत तो वाळून बसलेला असतो आणि फ्यूजच्या पायांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी साय चढलेली असते. विकणाऱ्याने कितीही शपथा घेतल्या तरी व्यवहार तिथेच थांबवावा.

सीटबेल्टचा विषय निघालाच आहे, तर मागच्या सीटवरच्यांसाठीही तो सक्तीचा आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले ते मागच्या सीटवर बसलेले असताना, आणि पट्टा लावलेला नव्हता असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर काही आठवडे सगळ्यांनी मागे पट्टे लावले. पुढचे सांगायला नको.

काय करू नये, हेही पुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे, आणि हौशी वाचकाने ते आधी वाचावे. एअरबॅगच्या फ्यूजला आणि पिवळ्या कनेक्टरना टेस्ट लॅम्प लावायचा नाही. बॅटरीजवळ बोल्टने आवळलेला मोठा मेन फ्यूज वायरमननेच बदलायचा. इलेक्ट्रिक गाडीतही १२ व्होल्टची बॅटरी आणि हेच रंगीत फ्यूज असतात, ते तपासायला हरकत नाही; पण नारिंगी रंगाच्या जाड केबलींपासून हात दूर ठेवायचा, तिथे शेकडो व्होल्ट असतात. बोनेटमधून धूर आला तर इंजिन बंद करून सगळ्यांनी उतरायचे, लांब जायचे, आणि बघूया काय झाले म्हणून बोनेट उघडायचे नाही. हवा मिळाली की आग उसळते. ११२ लावायचा.

पुस्तिकेच्या शेवटी फ्यूजचा नकाशा छापावा, अशी सूचना पुढे आली होती. ती मानली नाही. एकाच कंपनीच्या दोन गाड्यांत, इतकेच काय, एकाच गाडीच्या दोन सालांच्या मॉडेलांतही फ्यूजच्या जागा बदलतात. छापील नकाशा पाहून कुणी वायपरऐवजी भलताच फ्यूज ओढायचा. म्हणून शेवटची दोन पाने कोरी चौकटी आखून सोडली आहेत, एक डॅशबोर्डखालच्या बॉक्ससाठी, एक बोनेटखालच्या. आपल्या गाडीच्या झाकणावरची अक्षरे फार बारीक असतात आणि अंधारात मुळीच लागत नाहीत. ती दिवसाउजेडी इथे मोठ्या अक्षरांत उतरवून घ्यावीत, पेन्सिलीने.